तिघांच्या गोळ्या, एकाची आठवण

सायमन आर्मिटेज यांच्या ‘रिमेन्स’ या कवितेवरचं कुठलंही विवेचन उघडा, दोन-चार वाक्यांतच निदान समोर येतं : कवितेतल्या सैनिकाला आघातानंतरचा मनोविकार जडला आहे. निदान खोटं नाही. पण एकदा ते केलं की कविता वाचायचीच राहून जाते, आणि हे मला फार खटकतं. २००३ साली ब्रिटिश फौजा इराकमधल्या बसऱ्यात शिरल्या, शहरात लुटालूट माजली. तेव्हा तिथे असलेल्या एका सैनिकाची हकिगत आर्मिटेज यांनी ‘द नॉट डेड’ या २००७ सालच्या माहितीपटासाठी कवितेत आणली. बँक लुटणाऱ्यांपैकी एक जण पळत सुटतो, तिघे सैनिक एकदम गोळ्या झाडतात, प्रेत लॉरीत टाकून नेलं जातं. पुढे सुट्टीवर घरी आल्यावरही तो मेलेला माणूस सैनिकाच्या डोक्यातून जात नाही. दारू आणि नशेचाही उपयोग होत नाही.

माझ्या मते इथे सोसलेलं आणि केलेलं यांत फरक केलाच पाहिजे. शेजारी स्फोट होऊन सोबती गेला, तर मनात परतते ती भीती. स्वतः चाप ओढला असेल, तर परततो तो प्रश्न. या सैनिकाचा प्रश्न कवितेत अगदी नेमका आहे : पळणाऱ्याच्या हातात शस्त्र होतं का? असतं, तर त्याला कर्तव्य म्हणता आलं असतं. नव्हतं हे नक्की कळलं असतं, तर गुन्हा म्हणता आलं असतं. त्याला दोन्ही म्हणता येत नाही, म्हणून प्रत्येक रात्री तोच प्रसंग पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. ही आठवण नुसतं लक्षण कशी? त्याची सदसद्विवेकबुद्धी शाबूत असल्याचा तो पुरावा आहे.

यावर उपचार करणारे विचारतील, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे, की मग त्यानं जन्मभर जळत राहायचं? विवेकाचा गौरव करणं वाचकाला सोपं असतं. झोप त्या माणसाची उडालेली असते. याला माझ्याकडे पुरेसं उत्तर नव्हतं. ते शोधायला कवितेकडेच परत जावं लागलं. गोळीबाराच्या वेळी बोलणारा ‘आम्ही’ म्हणतो, तिघांचं एकमत होतं हे आवर्जून सांगतो. घरी पोचेपर्यंत त्या ‘आम्ही’चा ‘मी’ झालेला असतो. चार-चार ओळींची कडवी शेवटी दोनच ओळींवर येऊन थांबतात, आणि तिथे मेलेल्याचा जीव त्याच्या एकट्याच्या हातात उरतो.

केलेल्या हिंसेचं ओझं बोलून दाखवणारा आणखी एक जण, सम्राट अशोक, इथे आठवतो. तेराव्या शिलालेखात तो कलिंगातल्या लाखभर मृतांबद्दल आणि दीड लाख विस्थापितांबद्दल खेद व्यक्त करतो. पण खुद्द कलिंगात, धौली आणि जौगडच्या शिलांवर, तो लेख कोरलेलाच नाही. आपला पश्चात्ताप कुठे सांगायचा आणि कुठे नाही, हे राजाला ठरवता आलं. सैनिकाला ती सवलत नाही. पण दोष तरी सगळा त्याचाच का? व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांवर उपचार करणारे जोनाथन शे ‘नैतिक जखम’ म्हणाले, तेव्हा त्यांचा रोख सैनिकाच्या पापापेक्षा अधिकारपदावरच्यांनी केलेल्या विश्वासघाताकडे होता.

म्हणून ‘ही आठवण त्याच्या विवेकाची खूण आहे’ एवढ्यावर मला आता थांबता येत नाही. विवेक त्याचा खरा, पण भार एकट्याचा नाही. गोळ्या झाडणारे तिघे होते, त्यांना बसऱ्याला धाडणारं सरकार होतं, ते सरकार निवडणारे नागरिक होते. कवितेवर आणखी एक आक्षेप घेता येतो, आणि तो मला मान्य आहे : मारला गेलेला इराकी माणूस इथे निनावी राहतो, त्याचं मरण आपल्याला बारकाव्यानिशी कळतं, जगणं अजिबात कळत नाही. पण सैनिकाला तरी ते कुठून कळणार? तो माणूस कोण होता, त्याच्या हातात खरोखर काय होतं, त्याच्या घरी कोणाला कळवायचं, ही चौकशी ज्यांनी करायची त्यांच्याकडे कचेऱ्या होत्या, दप्तरं होती, अधिकार होता. ती त्यांनी केली असती, तर निदान शस्त्राच्या त्या एका प्रश्नाला उत्तर मिळण्याची शक्यता होती.