नियमाची पट्टी

रिचर्ड गारफील्ड यांनी १९९३ साली आणलेला ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा जमवावयाच्या व अदलाबदलीच्या पत्त्यांचा खेळ २००२ पासून ऑनलाइनही खेळला जातो. तेथील स्पर्धांत प्रत्येक खेळाडूला एका सामन्यासाठी साधारणतः २५ मिनिटे मिळतात. बुद्धिबळाप्रमाणे ज्याची पाळी, त्याचे घड्याळ चालते; वेळ संपली की तो हरतो. संपर्क तुटला तरी घड्याळ थांबत नाही.

नियम कठोर आहे; पण तो अन्यायकारक आहे काय? घड्याळ थांबू लागले, तर हरत चाललेला खेळाडू मुद्दाम तार उपसून विचारास वेळ मिळवील. कोणाची वीज गेली आणि कोणी तार ओढली, हे यंत्राला दिसत नाही. म्हणून ते दोघांनाही एकाच मापाने मोजते.

लेस्बॉस बेटावरील गवंड्यांची शिशाची पट्टी दगडाच्या आकाराप्रमाणे वाकत असे. नियमाची उणीव भरून काढणाऱ्या समन्यायाला ॲरिस्टॉटलने तिची उपमा दिली आहे. स्पर्धेची पट्टी मात्र लोखंडाचीच असावी लागते.

मग वाकावे कोणी? समोरच्या माणसाने. नियमाने मिळालेला विजय त्याने खुशाल घ्यावा. परंतु तो निकाल सामन्याचा आहे, प्रतिस्पर्ध्याच्या शीलाचा नव्हे. न दिसणाऱ्या माणसाला ‘पळपुटा’ ठरविण्याचा अधिकार कोणत्याही घड्याळाने आपणांस दिलेला नाही. संशयाचा फायदा यंत्राला देता येत नाही; माणसाला येतो.