चार बोटांचे अंतर

खरे आणि खोटे यांत अंतर किती, असे अकबराने विचारले आणि बिरबलाने ‘चार बोटे’ असे उत्तर दिले, ही गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. कान आणि डोळा यांच्यामधले ते अंतर. डोळ्यांनी पाहिलेले खरे, कानांनी ऐकलेले खोटे असू शकते, असा बिरबलाचा निवाडा. तेव्हापासून बिचारा कान हा कलंक मुकाट्याने सोशीत आला आहे. पण काही प्रकरणे अशी असतात, की त्यांत कान सरळपणे आपले काम करीत असतो आणि त्याला बिघडवतो तो शेजारचा डोळाच. अशाच एका प्रकरणाचा विचार येथे करावयाचा आहे. विषय दिसायला क्षुल्लक आहे. एका तारेचा.

घरात गाणे ऐकण्याचे यंत्र असते आणि त्यापासून स्पीकरपर्यंत एक तार गेलेली असते. ही तार साध्या विजेच्या दुकानात काही रुपयांना मीटरभर मिळते; आणि हौशी लोकांच्या दुकानात तिचीच किंमत हजारांत, क्वचित लाखांतही जाते. महाग तार घेणारा सांगतो, की तार बदलताच गाण्यावरचा पडदा दूर झाला, तंबोरा अगदी जवळ आला. हा मनुष्य खोटे बोलतो का? मुळीच नाही. त्याला तसे खरोखरच ऐकू येते. सारी गुंतागुंत येथूनच सुरू होते.

तारेचा प्रवाहाला होणारा विरोध मोजता येतो. अडीच चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार पाच मीटर अंतर जाऊन परत आली, तर तिचा विरोध सुमारे 0.07 ओहम भरतो. स्पीकरचा विरोध सामान्यतः 8 ओहम धरतात. म्हणजे तारेचा वाटा शंभरावा हिस्साही नाही. मात्र तेवढ्याच लांबीसाठी 24 गेजची अगदी बारीक तार वापरली, तर हाच विरोध 0.8 ओहमच्या पुढे जातो. आवाज किंचित उतरतो. शिवाय स्पीकरचा विरोध वेगवेगळ्या स्वरांना वेगवेगळा असल्यामुळे नादाचा रंगही थोडा बदलू शकतो. तेव्हा ‘तारेने काहीच फरक पडत नाही’ हे म्हणणेही सरसकट खरे नव्हे. फरक पडतो तो जाडीने आणि लांबीने. तारेवरच्या रेशमी वेष्टनाने पडतो काय, हा प्रश्न.

अमेरिकेतल्या ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ या मासिकाने ऑगस्ट 1983 च्या अंकात अशी एक परीक्षा प्रसिद्ध केली. बारीक 24 गेजची तार, घरातल्या दिव्याला असते तशी 16 गेजची साधी तार आणि ‘मॉन्स्टर केबल’ ही नावाजलेली जाड तार, अशा तीन तारा घेतल्या. कोणती तार जोडली आहे, हे ऐकणाऱ्यांना कळू दिले नाही. बारीक तारेचा फरक कानांना जाणवला. पण संगीत चालू असताना दिव्याची तार कोणती आणि नावाजलेली कोणती, हे ऐकणाऱ्यांना ओळखता आले नाही. पाहा, कानांनी शास्त्राशी किती इमानाने मेळ घातला! जेथे फरक होता तेथे तो टिपला. जेथे सांगण्याजोगा नव्हता तेथे ते गप्प राहिले.

डोळे बांधून सत्य शोधण्याची ही युक्ती जुनी आहे. 1784 साली फ्रान्सच्या राजाने मेस्मरच्या ‘प्राणिज चुंबकत्वा’ची चौकशी करण्यासाठी एक मंडळ नेमले. त्यात बेंजामिन फ्रँकलिन होता, लावॉझिए होता. पॅरिसजवळ पासी येथे फ्रँकलिनच्या बागेत मेस्मरच्या शिष्याने जर्दाळूच्या एका झाडात ती शक्ती भरली. मग बारा वर्षांच्या एका मुलाचे डोळे बांधून त्याला एकेका झाडापाशी नेले. शक्ती भरलेल्या झाडापासून तो दूर दूर जात होता आणि आपल्याला अधिकाधिक त्रास होतो आहे, असे सांगत होता. चौथ्या, साध्याच झाडापाशी तो बेशुद्ध होऊन पडला. मुलाची मूर्च्छा खरी होती. खोटे होते ते तिचे कारण.

येथे कोणी विचारील, “अहो, त्या तारेच्या मालकाला आनंद मिळतो ना? मग तुमचे काय जाते?” हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चांदीच्या वाटीतली खीर गोड लागते, आईच्या हातची चकली अधिक खुसखुशीत लागते. या सुखात डोळ्यांचा, आठवणींचा, मायेचा वाटा असतो. त्यासाठी कोणी आजीच्या डोळ्यांवर पट्टी बांधायला जात नाही, आणि जाऊही नये. माणसाचा आनंद हा त्याचा स्वतःचा आहे. त्यावर फिर्याद चालत नाही.

पण तोच मनुष्य शेजारच्या, नुकत्याच नोकरीला लागलेल्या तरुणाला सांगतो, “ही तार घेच, जमीन-अस्मानाचा फरक आहे,” तेव्हा मामला बदलतो. आतापर्यंत तो अनुभव होता. आता ती साक्ष झाली. अनुभव आपल्या घरात राहतो, साक्ष दुसऱ्याच्या खिशात हात घालते. न्यायालयात साक्ष द्यायची तर शपथ घ्यावी लागते. कानांच्या साक्षीची शपथ म्हणजे ही डोळ्यांवरची पट्टी, असे मला वाटते.

यावर असे म्हणतात, की परीक्षेच्या दडपणाने कान गोंधळतो. खरे आहे. मग आपल्याच घरी, आपल्याच आवडीचे गाणे, हवा तेवढा वेळ ऐकावे. तार मात्र दुसऱ्याने बदलावी. एकदोनदा बरोबर आले तर त्याचे कौतुक नाही. नाणे उडवूनही तेवढे साधते. दहापैकी दहा वेळा नुसत्या नशिबाने बरोबर येण्याचा संभव 1024 त एक. आणि फरक बारीक असल्याची सबबही चालणार नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा एवढासा धागा सरकवतात, आणि जवारी खुलते. ती ऐकायला डोळे उघडे असावे लागत नाहीत. हेही सांगितले पाहिजे, की एका परीक्षेत फरक सापडला नाही म्हणून तो कधीच, कोणालाच सापडणार नाही, असे सिद्ध होत नाही. पण दावा ज्याचा, पुराव्याचा भारही त्याचाच.

तारेच्या निमित्ताने हे सारे लिहिण्याचे कारण असे, की डोळ्यांची ही लुडबूड तारेपुरती राहत नाही. 1980 साली म्युनिकच्या फिलहार्मोनिक वाद्यवृंदाने ट्रॉम्बोनवादकाच्या जागेसाठी उमेदवारांना पडद्याआडून वाजवायला लावले. परीक्षकांनी ज्याचे वादन पसंत केले, तो उमेदवार पडद्याबाहेर आला तेव्हा ती बाई निघाली, ॲबी कोनंट. पुढे तिला दुय्यम जागेवर उतरवण्यात आले, आणि आपल्या हक्कासाठी तिला 1993 पर्यंत झगडावे लागले. वादन तेच होते. मध्ये फक्त पडदा उरला नव्हता. आमच्या शाळाखात्यात बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर विद्यार्थ्याने नाव न घालता क्रमांक घालावयाचा असतो. आडनाव दिसले की गुण देणारा हात कोठे कचरतो, कोठे सैल सुटतो, हे जाणूनच कोणा शहाण्याने तो नियम केला असावा. तारेच्या बाबतीत डोळा फसला तर पैसे जातात. माणसाच्या बाबतीत फसला तर त्याच्या आयुष्याची वर्षे जातात.

म्हणून दिवाळीच्या खरेदीत ज्याला महाग तार घ्यावीशी वाटेल, त्याने ती खुशाल घ्यावी आणि सुखाने गाणे ऐकावे. फक्त दुसऱ्याला शिफारस करण्यापूर्वी एक करावे: घरातल्या एखाद्या मोठ्या मुलाला यंत्र बंद करून तार कधी बदलायला, कधी तशीच ठेवायला सांगावे, आणि आपण पाठ फिरवून बसावे. मुले असली कामे फार मन लावून करतात, आणि निकाल सांगताना वडिलांचीही भीड धरीत नाहीत.