जयापराजयापलीकडील निष्ठा

एखाद्या संघावर जन्मभर जीव लावणे हा गुण म्हणावा की मोह? ज्या विजयात आपला हात नाही त्याचा उत्सव करावा आणि ज्या पराभवात आपला दोष नाही त्यापायी रात्रीची झोप घालवावी, यात शहाणपण कोणते? खेळवेड्या माणसाला हा प्रश्न घरातलेच कुणीतरी कधी ना कधी विचारते. तो थट्टेवारी नेण्याजोगा नाही, असे आम्हांस वाटते. जिथे मन गुंतते, तिथेच माणसाची पारख होते.

या संदर्भात सिस्टर जीन डोलोरेस श्मिट यांचे जीवन डोळ्यांसमोर येते. १९१९ साली सॅन फ्रान्सिस्को येथे जन्मलेल्या जीन शाळेत असताना स्वतः बास्केटबॉल खेळत. १९३७ साली त्यांनी व्रतस्थ जीवनात पाऊल टाकले. पुढील आयुष्य अध्यापनात गेले. १९९४ साली, पंचाहत्तरीच्या सुमारास, शिकागोच्या येशूसंघीय लोयोला विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाच्या त्या आध्यात्मिक मार्गदर्शक झाल्या. सामन्यापूर्वी खेळाडूंसह प्रार्थना करायची आणि सामन्यानंतर ई-मेल पाठवून कौतुकाबरोबर चुकाही दाखवायच्या, हा त्यांचा नेम.

हा संघ १९६३ चा राष्ट्रीय विजेता; परंतु १९८५ नंतर एन.सी.ए.ए.च्या राष्ट्रीय स्पर्धेचे दार त्याला तेहतीस वर्षे उघडले नाही. त्यांतील वीसहून अधिक वर्षे सिस्टर संघासोबत होत्या. ज्याला केवळ विजय हवा असतो, तो एवढ्या काळात दुसरा संघ शोधतो. फळ हाती येत नसतानाही जे टिकते, त्यालाच निष्ठा म्हणावे. लग्नाच्या शपथेत आणि व्रतस्थाच्या वचनात आपण हेच तर मागतो.

२०१८ साली दार उघडले. पहिले तीन सामने लोयोलाने मिळून अवघ्या चार गुणांच्या आघाडीने जिंकले आणि संघ अखेरच्या चारांत पोहोचला. अठ्ठ्याण्णव वर्षांच्या सिस्टर चाकांच्या खुर्चीत बसून हे पाहत होत्या. गंमत अशी, की स्पर्धेपूर्वी त्यांनी स्वतः मांडलेल्या अंदाजात लोयोलाचा प्रवास तिसऱ्याच सामन्यात संपत होता! खरे प्रेम आंधळे नसते, हेच यातून दिसले. पुढे मिशिगनने ६९-५७ असा पराभव केला. त्याने निष्ठेला ओहोटी लागली नाही.

मग देवाकडे विजय मागावा काय? समोरच्या बाकावरही कुणी डोळे मिटून तेच मागत असतो. २०२१ साली इलिनॉयविरुद्धच्या सामन्यापूर्वी सिस्टरांनी तो निःसंकोचपणे मागितला. लेकराने पित्यापाशी मनातले लपवू नये, एवढाच त्याचा अर्थ आम्ही घेतो. मागणे आपले, देणे त्याचे. गेथसेमनी बागेत प्रभूनेही प्रथम मनातले मागणे सांगितले आणि मग ते पित्याच्या इच्छेवर सोपवले.

संकट विजय मागण्यात नाही; प्रतिस्पर्ध्यातील माणूस दिसेनासा होण्यात आहे. त्या १९६३ च्या स्पर्धेतच लोयोलाची गाठ मिसिसिपी स्टेटशी पडली. लोयोलाच्या पहिल्या पाचांपैकी चौघे कृष्णवर्णीय, तर मिसिसिपीचा संघ केवळ गोऱ्यांचा. त्यांनी हा सामना खेळू नये म्हणून तेथे न्यायालयाचा मनाईहुकूम निघाला होता. तो हाती पडण्यापूर्वीच संघाने राज्य सोडले. १५ मार्च रोजी जेरी हार्कनेस आणि जो डॅन गोल्ड या कर्णधारांनी सामन्याआधी हस्तांदोलन केले. लोयोलाने सामना ६१-५१ असा जिंकला. पण स्मरणात राहिले ते हस्तांदोलन.

पैजेवर पैसे लावून घर बुडवणारा, किंवा एक चेंडू हुकला म्हणून वीस वर्षांच्या मुलाला शिव्याशाप देणारा, आपल्या वेडाला निष्ठा म्हणतो. वस्तुतः ती मूर्तिपूजा होय, आणि प्रत्येक मूर्ती अखेर बळी मागते. खेळाडू नाशवंत मुकुटासाठी धडपडतात, असे संत पौलाने करिंथकरांस लिहिले. तरी त्याने त्यांच्या धावण्याचा उपहास केला नाही. उलट, अविनाशी मुकुटासाठी तसेच धावा, असे सांगितले.

९ ऑक्टोबर २०२५ रोजी, वयाच्या १०६ व्या वर्षी, सिस्टर जीन प्रभूघरी गेल्या. आपणही कुठल्या ना कुठल्या संघाचे आहोतच. पुढचा पराभव येईल त्या रात्री आपण स्वतःला एवढेच विचारावे: या प्रेमाने आपल्याला अधिक सोशिक केले, की अधिक कडवट? गुणफलकावर नसलेला निकाल या उत्तरात सापडेल.