विकायची नाही, द्यायची

८ मे १९७७ रोजी कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये ‘ग्रेटफुल डेड’ या अमेरिकन बँडचा कार्यक्रम झाला. त्याचा अधिकृत अल्बम आला २०१७मध्ये. तोवर चाहत्यांनीच तो कॅसेटींवर एकमेकांना देत जिवंत ठेवला. ही चोरी का?

१९८४मध्ये बँडनेच रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठी कार्यक्रमात वेगळी जागा ठेवली. अट एकच: विकायचं नाही. नवख्याने कोऱ्या कॅसेटी आणि टपालखर्च पाठवायचा, जुन्याने कॉपी करून द्यायची.

मी कोडमध्ये परवानग्या लिहितो. इथे कुठलंच कुलूप नव्हतं. कॉपीने मूळ टेप कमी होत नाही. पण एकाने विकायला घेतली, की दुसरा विचारतो, मग मीच फुकट का देऊ? माझ्या लेखी चोर तो विकणाराच. बँडआधी तो इतर ऐकणाऱ्यांना लुटतो.