जिवाणूचे प्रथिन आणि श्वासाची वाट

धुण्याच्या पावडरीत एन्झाइम घालण्याची चाल युरोपात 1960च्या दशकात जोरात सुरू झाली. बॅसिलस कुळातल्या जिवाणूंपासून मिळणारे सबटिलिसिन हे प्रथिन इतर प्रथिनांचे तुकडे पाडते. म्हणूनच रक्ताचे, अंड्याचे चिवट डाग त्याने सुटतात. 1969 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात फ्लिंट आणि पेपिस यांचे निबंध आले आणि या सोयीची दुसरी बाजू उघड झाली. कारखान्यात ही बारीक भुकटी हाताळणाऱ्या कामगारांना धाप लागत होती, छातीत घरघर होत होती, आणि त्वचेवर एन्झाइमचा थेंब ठेवून सुईने टोचले की गांधी उठत होती. त्यांच्या फुप्फुसांत जिवाणू वाढत नव्हते. तिथे पोचले होते ते फक्त जिवाणूंचे प्रथिन.

आपण जिवाणूंना संसर्गाच्या खात्यात घालतो, परागकण आणि धुळीतल्या किड्यांना ॲलर्जीच्या. ही वाटणी आता सोडायला हवी असे मला वाटते. एखादे प्रथिन कोणत्या जिवाचे आहे याहून ते श्वासमार्गात काय करते, हे अनेकदा निर्णायक ठरते. श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशी एकमेकींना घट्ट बिलगलेल्या असतात. प्रथिने तोडणारे एन्झाइम हे सांधे सैल करते. दुखावलेल्या पेशी आयएल-33 नावाचा धोक्याचा संदेश सोडतात, त्याने ॲलर्जीच्या वळणाच्या रोगप्रतिकारक पेशी जाग्या होतात, आणि त्या प्रथिनाविरुद्ध आयजीई प्रतिपिंडे तयार होतात. पुढच्या वेळी तेच प्रथिन नाकात शिरले की मास्ट पेशी हिस्टामिन ओततात, नळ्या आवळतात, कफ दाटतो. घरच्या धुळीतल्या किड्याचे एक प्रमुख ॲलर्जीकारक प्रथिनही असेच तोडणारे एन्झाइम आहे. प्रत्येक ॲलर्जीकारक प्रथिन असे नसते, हे खरे. पण इतक्या दूरच्या दोन जिवांत एकच हत्यार सापडावे, याला महत्त्व आहे.

आपल्या नाकातच राहणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियसकडेही अशी प्रथिने आहेत. त्यांपैकी एसपीएलडी हे एकटे प्रथिन उंदरांच्या श्वासमार्गात सोडल्यावर दम्यासारखी सूज आल्याचे 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच अभ्यासात दम्याच्या रुग्णांत या गटाच्या प्रथिनांविरुद्धचे आयजीई निरोगी माणसांपेक्षा जास्त आढळले. यावर आक्षेप असा की सुजलेल्या नाकात हा जिवाणू आधीच सहज मुक्काम ठोकतो, मग कारण कोणते आणि परिणाम कोणता? आक्षेप वजनदार आहे, आणि रुग्णांच्या रक्ताकडे पाहून तो सुटत नाही. सुटतो तो साबणाच्या कारखान्यात. तिथल्या कामगारांकडे एन्झाइम आजारामुळे आले नव्हते, नोकरीमुळे आले होते. पुढे एन्झाइमच्या दाण्यांवर आवरण चढवले, धूळ आटोक्यात आणली, तसे या त्रासाचे प्रमाण खूप खाली आले. तरी असे दाणे वापरणाऱ्या एका आधुनिक कारखान्यातही दम्याची साथ आल्याचे 2000 मध्ये ‘लॅन्सेट’नेच छापले.

दुसरा आक्षेप गोठ्यातून येतो. अमेरिकेतल्या आमिश आणि हटेराइट शेतकरी मुलांच्या 2016 च्या अभ्यासात आमिश घरांच्या धुळीत जिवाणूंचे एंडोटॉक्सिन जवळपास सातपट होते, आणि दमा मात्र कितीतरी कमी. मग जिवाणू तारक की मारक? प्रश्नच चुकीचा मांडला जातो. एंडोटॉक्सिन हे प्रथिन नव्हे, ते पेशीभित्तिकेतला मेद आणि शर्करा यांचा रेणू. लहानपणापासून विविध जिवाणूंच्या सहवासात ते प्रतिकारशक्तीला वेगळे वळण लावते. मोठ्या वयात एकाच एन्झाइमची दाट भुकटी रोज हुंगणे ही निराळी गोष्ट आहे.

म्हणून यातून प्रतिजैविके घेण्याचा सल्ला निघत नाही. सबटिलिसिनच्या भुकटीत मारायला जिवाणू उरलेलाच नसतो. लक्ष हवे ते हवेकडे. अमेरिकी औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांनी सबटिलिसिनसाठी सुचवलेली कमाल मर्यादा घनमीटरला 60 नॅनोग्रॅम आहे, साध्या धुळीच्या मर्यादांपुढे नगण्य. एन्झाइमची पावडर आता आपल्याकडेही घरोघरी आहे, आणि ती कुणीतरी मिसळते, भरते, पोती रिकामी करते. अशा कामगाराला धाप लागली तर त्याला आधी तो कोणत्या खात्यात काम करतो आणि सुटीच्या दिवशी त्रास कमी होतो का, हे विचारले गेले पाहिजे.