शब्दाची मालकी : कर्करोग, वैद्य आणि रुग्ण

कर्करोगाच्या संदर्भात वैद्यकीय नीतिविचारात वारंवार उपस्थित होणारा प्रश्न म्हणजे, रुग्णाला सत्य सांगावे की सांगू नये? कान्टने १७९७ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात परहितासाठीही असत्य बोलण्याचा अधिकार नाकारला. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानातील भूमिका वेगळी आहे. मरणाची चिन्हे ओळखणाऱ्या वैद्याने कोणी न विचारता ती बोलून दाखवू नयेत, आणि विचारल्यावरही, त्यामुळे रुग्णाला वा इतर कुणाला अपाय होणार असेल तर, बोलू नयेत, असे तेथे सांगितले आहे. या दोन भूमिकांची तुलना आजवर पुष्कळ झाली असेल. मात्र दोहोंच्या तळाशी एकच गृहीत आहे : सत्य वैद्याच्या हाती आहे, आणि ते द्यावयाचे की राखावयाचे एवढेच काय ते त्याने ठरवावयाचे आहे. बीड जिल्ह्यातील वडवणीसारख्या ऊसतोड कामगारांच्या तालुक्यातून पाहिले, की हे गृहीत डळमळू लागते.

या भागातील रुग्ण अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात, बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा थेट परळच्या टाटा रुग्णालयात पोहोचतो. तपासणीचे कागद पाहून झाल्यावर त्याच्या कानी पडणारे पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते : ‘सोबत कोण आहे?’ मग मुलगा किंवा जावई आत बोलावला जातो आणि रुग्ण बाहेरच्या बाकावर बसतो. वाच्यार्थाने या वाक्यात काहीच नाही. व्यंग्यार्थाने त्यात सर्व काही आहे. आनंदवर्धनाने ध्वनीच्या ग्रहणासाठी सहृदयाची अपेक्षा धरली. येथे रुग्ण स्वतःच्या इच्छेविरुद्ध सहृदय होतो. मुलाच्या परतीच्या चालीतून, एसटीत अचानक मिळालेल्या खिडकीच्या जागेतून आणि घरी न मागता पुढे आलेल्या दुधाच्या पेल्यातून तो आपले निदान वाचतो. म्हणजे माहिती पोहोचलेली असते. ती पोहोचली आहे हे बोलून दाखवण्याची सोय मात्र उरत नाही. ज्याला ‘कळलेले नाही’ असे सर्वांनी मिळून ठरविले आहे, त्याला भीतीही व्यक्त करता येत नाही. टॉलस्टॉयच्या इव्हान इलिचला मरणापेक्षा भोवतालच्या या संगनमताचाच जाच अधिक होतो, हे येथे आठवावे.

आतापर्यंतचे वर्णन मौनाचे झाले. याच जिल्ह्यात या शब्दाची दुसरी, नेमकी उलटी कथा घडली. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. शासनाने नेमलेल्या समितीसमोर आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. कारणे अनेक होती. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. उचल दोघांच्या नावावर. एकाने काम चुकविले तरी खाडा दोघांच्या हिशेबात. फडावर ना आडोसा, ना पाणी. पांढरे जाणे, पोटदुखी, अंगावरून जास्त जाणे अशा साध्या उपचारांनी बऱ्या होऊ शकणाऱ्या तक्रारी घेऊन आलेल्या अनेक स्त्रियांना ‘पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल’ असे सांगण्यात आले, हे त्यांच्या कथनांतून पुन्हा पुन्हा पुढे आले.

जेथे रोग आहे तेथे हा शब्द गिळला जातो आणि जेथे रोगाचा पुरावा नाही तेथे तो सहज उच्चारला जातो, ही विसंगती केवळ काही डॉक्टरांच्या लोभाने उलगडत नाही. ऑस्टिनच्या परिभाषेत बोलावयाचे तर ‘कॅन्सर होईल’ हे विधानाच्या वेषातील कृत्य आहे. त्याचे कार्य ऐकणारीला माहिती देण्याचे नसून तिचा प्रश्न संपविण्याचे आहे. बाकावर बसविलेल्या रुग्णाच्या बाबतीत मौनही तेच कार्य करते. ‘पिशवी’ हा शब्दही निरुपद्रवी नाही. गर्भाशयाला पिशवी म्हटले की ते रिकामे करता येण्याजोगे, काम झाल्यावर टाकून देण्याजोगे होते. त्यानंतर शरीरात होणाऱ्या बदलांना, पंचविशी-तिशीत येणाऱ्या अकाली थकव्याला या रूपकात जागाच नाही. सुसान सोन्टॅगने १९७८ मध्ये कर्करोगाभोवतीची रूपके दूर सारण्याचा आग्रह धरला होता. तिचा रोख रोग्यावर दोष लादणाऱ्या रूपकांवर होता. दवाखान्यात सोयीचे म्हणून रुळलेले रूपक तिच्या कक्षेत सहसा येत नाही.

तेव्हा खरे-खोटे हा निकष अपुरा पडतो. बोलून झाल्यावर समोरच्या माणसाला उलट विचारता येते की नाही, हा अधिक कसाचा निकष आहे. माधवी घारपुरे यांच्या कथेवर आधारलेला, संदीप सावंत दिग्दर्शित ‘श्वास’ (२००४) हा चित्रपट या दृष्टीने पुन्हा पाहण्याजोगा आहे. डोळ्यांच्या कर्करोगाने ग्रासलेल्या मुलाचा जीव वाचेल, दृष्टी जाईल. आणि हे मुलाला सांगितल्याशिवाय शस्त्रक्रिया करता येणार नाही, अशी डॉक्टरांची अट आहे. समीक्षकांनी आजोबांच्या वात्सल्याकडे पुष्कळ लक्ष दिले. त्या अटीकडे तितके गेले नाही. ती अट नियमाच्या रूपाने येते आणि सर्वांना, खुद्द डॉक्टरांनाही, अडचणीत टाकते, कारण तिच्यामुळे एक लहान मूल प्रश्न विचारण्याच्या जागी येते. नियम कोरडा असतो हे खरे. पण भावनेला वाट येथे त्या कोरडेपणानेच करून दिली आहे.

चरकाच्या वचनाकडे या निकषाने पाहिले तर ‘न विचारता’ ही अट महत्त्वाची ठरते : निदान तेथे विचारणारा रुग्ण कल्पिलेला आहे. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात, एका रुग्णामागे काही मिनिटे हाती असलेल्या डॉक्टरला ही कल्पना परवडत नाही, आणि त्याचा सगळा दोष त्याच्या माथी मारणे अन्याय्य होईल. त्याला बोलावयास कोणी शिकविलेलेही नसते. पण वडवणीहून आलेल्या बाईला विचारावयाचे असते ते आयुष्य किती उरले, हेच असेल असे नाही. दसऱ्यानंतर टोळी निघेल तेव्हा मोळी डोक्यावर घेता येईल का, घेतलेली उचल कोण फेडील, धाकटीला कोणाकडे ठेवावे, असे ते प्रश्न असू शकतात. त्यांत भीती, हिशेब आणि शरीर वेगळे काढता येत नाही, आणि केसपेपरवर त्यांच्यासाठी रकाना नाही.