पट्टा आणि पडणं

पट्टे काढून टाका, मग ज्युदोच्या क्लासला किती पोरं टिकतात ते बघू, असं कोणी शिक्षक म्हणाला तर त्याला उडवून लावता येणार नाही. पांढऱ्याचा पिवळा, पिवळ्याचा नारिंगी या आशेवर बरीच मुलं तग धरतात. पण पट्ट्याने लावलेली ओढ पट्टा मिळाल्यावर कुठे जाते? १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या चित्रांची हौस असलेल्या मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना चित्राबद्दल प्रशस्तिपत्र आधी कबूल केलं, काहींना ते अवचित दिलं, काहींना दिलंच नाही. पुढे बक्षिसाचं नावही नसताना पहिल्या गटाने चित्रांना इतरांच्या जवळपास निम्माच वेळ दिला. अवचित बक्षीस मिळालेल्यांची हौस मात्र शाबूत होती. दोष बक्षिसाचा नव्हता, आधी ठरलेल्या सौद्याचा होता.

यावर शिक्षक म्हणेल, त्या मुलांना चित्रं मुळात आवडत होती; पाठीवर आपटून घ्यायला कोणाला आवडतं? हा आक्षेप मला मान्य आहे. नसलेली हौस आमिषाने मरत नाही, तेव्हा सुरुवातीला पट्टा चालेल. फक्त तो पोच म्हणून यावा. ज्युदोचे जनक जिगोरो कानोंनी १८८२ मध्ये कोदोकान ही शाळा काढली आणि पुढच्या वर्षी दोन शिष्यांना पहिली 'दान' श्रेणी दिली. रंगांची लांबलचक माळ पुढे युरोपात रुळली. परीक्षेची तारीख आणि फी प्रवेशालाच ठरली की पोचेचा हप्ता होतो. आमच्या तालमीत कुठे होते पट्टे, असं छाती फुगवून विचारणाऱ्यांनीही गदा आणि फेटा विसरू नये. मात्र गदा मिळते कुस्ती मारल्यावर. पहाटेच्या जोर-बैठकांना ती कोणी देत नाही.

मग त्या पहाटे पैलवानाला उठवतं कोण? 'आतली प्रेरणा' म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ती आधीपासून आत बसलेली असते हे मला पटत नाही. ज्युदोत डावांच्या आधी उकेमी, म्हणजे पडणं शिकवतात: हनुवटी छातीशी, हाताची सपाट थाप मॅटवर. चुकलं तर पाठ तिथल्या तिथे सांगते, जमलं तर गप्प राहते. काल दुखलेलं आज का दुखलं नाही, हे कुतूहल जागं झालं की उद्या यायला कारण मिळतं, आणि ते कारण कोणाला वाटता येत नाही की काढूनही घेता येत नाही. ओढ सरावाच्या पोटी जन्मते.

तेव्हा पालकांनो, मुलाचं नाव घालायला जाल तेव्हा ब्लॅक बेल्ट किती वर्षांत, हे विचारू नका. पडायला किती दिवस शिकवता, एवढं विचारा.